क्लचचा पाय

"पेशंटच्या तुम्ही कोण?" नर्सनं विचारलं, आणि जयाला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न काही अवघड नव्हता. नर्सनं मानसुद्धा वर केली नव्हती. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच विचारत असणार. कुणी भाऊ म्हणत असेल, कुणी सासू, आणि ती आत सोडत असेल. खांद्यावरची पर्स जयानं उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतली. अमरावती रोडवरचं हे खासगी हॉस्पिटल, बाहेर एप्रिलचं ऊन, आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि त्या वासाखाली डेटॉलचा दुसरा, खरा वास. काचेपलीकडून ट्रकांचे हॉर्न येत होते, पण लांबून, दुसऱ्याच्या घरात टीव्ही चालू असावा तसे. पंचवीसेक वर्षं ती विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत होती. माणसं कशी राहतात, कुणाला आपलं म्हणतात, कुणाच्या ताटात जेवतात, मेल्यावर कुणाला खांदा देतात, ते पाहायचं आणि लिहायचं, एवढंच आपलं शास्त्र, असं ती दर जुलैत नव्या मुलांना सांगायची. मग फळ्यावर खडूनं आकृती काढायची. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, दोन समांतर रेघा म्हणजे लग्न, वरून जोडणारी एक रेघ म्हणजे भावंडं. जगातल्या कुठल्याही गावचं कुठलंही घर या चार खुणांत बसतं, असं ती म्हणायची, आणि मुलं ते उतरवून घ्यायची. आता तिच्या डोळ्यांपुढे तीच आकृती आली. एक त्रिकोण, आत पडलेला ऋषिकेश. त्याच्या बाजूला गोल, काजल. खाली छोटा गोल, त्यांची चार महिन्यांची मुलगी. आणि जया खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी होती, आकृतीच्या बाहेर.

"बहीण हाय वं ते त्याची," मागून जिजाबाई म्हणाली. "जाऊ दे तिले."

नर्सनं हातानंच आत जा म्हटलं.

जिजाबाई वाडीत, शहराबाहेरच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीत, ड्रायव्हर लोकांसाठी मेस चालवायची. जयाची आणि तिची ओळख झाली त्याला आता चौथं वर्ष. गोदामांच्या मागच्या बाजूला, भाड्याच्या खोल्यांची एक लांब चाळ, तिथे कुणी यूपीचं, कुणी छिंदवाड्याचं, कुणी वर्ध्याकडचं. बहुतेकांचं आपलं माणूस तिथे कुणी नाही. आणि तरी कुणी कुणाचा मामा होता, कुणी कुणाची काकू. जयाला त्याच गोष्टीचा अभ्यास करायचा होता. शहराच्या कडेला, जिथे रात्रीतून माणसं येतात आणि रात्रीतून जातात, तिथे मानलेली नाती कशी तयार होतात, किती टिकतात, आणि कशानं तुटतात. आठवड्यातून तीन दिवस प्रताप नगरातल्या आपल्या फ्लॅटमधून ती स्कूटर काढायची आणि दुपारभर जिजाबाईच्या मेसमध्ये बसायची. कांदा चिरून द्यायची, पण सल्ला द्यायची नाही. हा तिचा नियम होता. तिचे गुरू महादेवराव यांनी तो तिला फार पूर्वी शिकवला होता: "जयाबाई, नदीकाठी बसायचं. पाण्यात दगड टाकला की मग आपण नदी बघत नसतो, आपले तरंग बघत असतो." सुंदर वाक्य होतं. तिनंही ते पुढे कितीतरी विद्यार्थ्यांना दिलं.

ऋषिकेश पहिल्यांदा बोलायला तयार झाला तो पावसाळ्यात, त्याचा ट्रक आठ दिवस उभा होता म्हणून. सव्वीस-सत्तावीसचा, किडकिडीत, हसला की वरचा एक दात आडवा दिसायचा. वर्धेकडच्या गावातला. काजल दुसऱ्या जातीची. दोघांनी पळून लग्न केलं आणि दोन्ही घरांची दारं बंद झाली. ते तो दुःखानं सांगत नव्हता, रस्त्यात टोलनाका लागला म्हणून सांगावं तसा सांगत होता. पण गाडीचं बोलायला लागला की त्याचे हात चालायचे. "म्याडम, गाडी डाव्या पायानं समजते," तो म्हणाला होता. "उजवा तं नुसता पळते. माल किती भरला, चढाव किती हाय, गाडी रुसली का खूश हाय, सारं क्लचच्या पायाले समजते. मी झोपेतबी क्लच दाबतो, विचारा काजलले." काजल पदराआड हसली. जयानं ते रेकॉर्ड केलं होतं. पुढे पुस्तकाचा मसुदा लिहायला घेतला तेव्हा एका प्रकरणाची सुरुवात तिनं याच वाक्यानं केली. छापण्याआधी त्याला वाचूनही दाखवलं. तो लाजला, म्हणाला, "हे मी बोललो? चांगलंच बोललो."

मुलगी झाली तेव्हा बारशाला जया गेली ती कॅमेरा घेऊन. खोलीत हलायला जागा नव्हती. जिजाबाईनं कुठून तरी पाळणा आणला होता, त्याला झेंडूची माळ, खाली घुगऱ्यांचं पातेलं. सगळं झालं आणि मग बायका थांबल्या. नाव आत्यानं ठेवायचं, आणि ऋषिकेशच्या बहिणीला गावाहून कोण येऊ देणार? जिजाबाईनं एक क्षण इकडे-तिकडे पाहिलं आणि जयाच्या हातातला कॅमेरा काढून घेऊन दुसऱ्या बाईकडे दिला. "या आत्याबाई, या समोर." जया म्हणाली, अहो मी कशी? ऋषिकेश दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर ती नाही म्हणेल याची भीती इतकी उघडी होती, की ती पाळण्याशी गेली. "नाव तुमीच ठरवा, ताई," तो म्हणाला. त्या दिवसापासून म्याडमची ताई झाली. तिला आठवतं, तेव्हाही तिनं नियम राखला होता. नाव तुम्ही ठरवा, मी फक्त कानात सांगेन. मग काजलनं हळूच सांगितलं, रितिका. जया वाकली, बाळाच्या कानाशी कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि त्याबरोबर सगळ्या बायकांनी तिच्या पाठीवर मुठी मारल्या, रीतच ती. तिला लागलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर पाठ लाल नव्हती. पण रात्रभर त्या मुठी पाठीवर राहिल्यासारख्या वाटल्या. प्रताप नगरातल्या त्या नीटनेटक्या फ्लॅटमध्ये, जिथे पुस्तकांना धूळ बसत नव्हती आणि बेल फारशी वाजत नव्हती, कुणी तिला असं मारल्याला किती वर्षं झाली होती!

आता तोच ऋषिकेश पडद्यामागे होता. गोदामाच्या आवारात पत्र्याची अवजड गुंडाळी उतरवताना क्रेनचा पट्टा तुटला आणि ती त्याच्या पायावर आली. डाव्या. काजल बाकावर बसली होती, मांडीवर रितिका, आणि रितिकाच्या तोंडात काजलच्या मंगळसूत्राची वाटी. जिजाबाईनं काजलच्या कपाळावर आलेली बट मागे सारली, तिच्या तळहाताला पिठाचा वास असणार. आणि जयाच्या डोक्यात, तिनं न बोलावता, एक वाक्य तयार झालं: संकटाच्या प्रसंगी ज्येष्ठ शेजारीण मातेच्या स्थानी येते, आणि हे स्थान स्पर्शातून व्यक्त होते. वाक्य पूर्ण झालं, त्याला पूर्णविरामसुद्धा लागला. जया भिंतीला टेकली.

डॉक्टर बाहेर आला, तरुण होता, घाईत होता, पण उर्मट नव्हता. गुडघ्याखाली सगळं चिरडलंय, म्हणाला. रक्तपुरवठा फार कमी आहे. वाचवायचा प्रयत्न करता येईल, पण विष अंगात चढलं तर पेशंट हातचा जाईल. आत्ता काढला तर जीव धोक्याबाहेर येईल असं मला वाटतं. तुम्ही ठरवा, पण लवकर. "मिसेस कोण?" काजलनं हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. डॉक्टरनं तिला सही कुठे करायची ते दाखवलं आणि आत गेला.

काजलनं पेन घेतलं नाही. "आत नेताना त्यायनं माह्या हात धरला होता, ताई," ती म्हणाली. "म्हणे, काजल, पाय तोडू देऊ नको. पाय गेला तं मी गेलोच समज." मग ती जयाकडे बघत राहिली. "तुमी सांगा. तुमी शिकल्या-सवरल्या हा. तुमी त्याच्या बहीण हा."

जयाला तिचे वडील आठवले. गांधीबागेतलं कापडाचं दुकान, पांढरी गादी, त्यावर लोडाला टेकून बसलेले वडील, आणि मग तेच वडील, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात, तोंडात नळी. ती तेव्हा पीएचडीसाठी गावोगाव हिंडत होती, परत आली तेव्हा नळी काढलेली होती आणि ते गेले होते. ते तिच्या भावानं, भैयाजीनं, ठरवलं होतं. घरात मोठं काहीही तोच ठरवायचा; तू पोरगी आहेस, तू शीक, असं वडीलही म्हणायचे. तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिला राग आला होता, तो तिनं बरीच वर्षं जपला. पण त्या रागाच्या तळाशी काय होतं, ते आज या बाकापाशी उभं राहून तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. सुटका होती. आपल्याला विचारलं नाही, बरं झालं. एवढंच होतं. मग त्या सुटकेचंच तिनं शास्त्र केलं होतं की काय? नदीकाठी बसायचं, दगड टाकायचा नाही. काजल बघत होती. तो निर्णय तुमचा आहे, असं म्हणायला जयानं तोंड उघडलं. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, सभ्य, बरोबर, कुणालाही खोडता न येणारं. आणि ते वाक्य बोलून ती स्कूटरवर बसून प्रताप नगरला जाऊ शकत होती.

"सही कर," ती म्हणाली. "जीव राहू दे. पाय काढू दे."

आवाज आपलाच आहे हे तिला ओळखता आलं नाही. काजलनं तिच्या तोंडाकडे पाहत पाहत सही केली, कागदाकडे पाहिलंच नाही.

जिजाबाईनं जयाला बाजूला घेतलं. "तो शुद्धीवर येईन, तवा काजलनं केलं असं नोका म्हणू," ती म्हणाली. "तुमच्यावर घ्या. तिले जन्म काढाचा हाय त्याच्यासंग. तुमाले नाई."

तुम्हाला नाही. जिजाबाईनं ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. जया हो म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं चादर वर करून पाहिलं. जया पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, म्हणजे जिथे त्याचा डावा पाय असायला हवा होता तिथे. "मी सांगितलं काजलला," ती म्हणाली. "तिची इच्छा नव्हती. मी सांगितलं." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मग महिन्यामागून महिने तो तिच्याशी बोलला नाही.

विद्यापीठात एकदा चहाच्या वेळी, एका सहकाऱ्याचा डॉक्टर मेहुणा आला होता, तिनं त्याला, दुसऱ्या कुणाचं म्हणून, सगळं सांगून असा पाय वाचतो का विचारलं. त्यानं बिस्किट बुडवलं, विचार केला. म्हणाला, सांगता येत नाही हो. कधी कधी वाचतोही. बिस्किट तुटून कपात पडलं आणि तो चमच्यानं काढत बसला. कधी कधी वाचतोही. ते तीन शब्द घेऊन जया घरी आली आणि ते घरात राहायला लागले. भाजी चिरताना होते, स्कूटर स्टँडवर लावताना पायाला जो झटका बसतो त्यात होते. आपल्या डाव्या पायाकडे ती बघू लागली. जिना उतरताना आधी कुठला पडतो, रात्री कुठला आधी गार होतो.

महादेवरावांना तिनं फोन केला. ते आता फार थकले होते, पण आवाज अजून वर्गातला होता. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हे लिही. हाच तुझ्या पुस्तकाचा शेवट. संशोधक स्वतःच नात्यात ओढली जाते." तिनं लिहायला घेतलं. 'संशोधिकेला या प्रसंगी निर्णयप्रक्रियेत सामील व्हावे लागले.' तिनं ते वाचलं. सामील व्हावे लागले. कोण ही बाई, जिला सगळं व्हावं लागतं? तिनं ती पानं पुसून टाकली. मग क्लचच्या पायाचं ते वाक्य, ज्यानं प्रकरण सुरू होत होतं, तेही काढलं. त्याजागी दुसरं काही सुचलं नाही. प्रकाशकाला तिनं कळवलं की ते एक प्रकरण पुस्तकात नसेल. त्याला फार फरक पडला नाही; म्हणाला, तसंही पानं वाढत होती.

एक दिवस ती गांधीबागेत गेली. भैयाजी गादीवर बसला होता, वडिलांच्याच जागी, त्यांच्यासारखाच एक गुडघा वर घेऊन. तिला पाहून तो दचकला. ती दिवाळी सोडून येत नसे. "काय वं, काहून आली? सगळं ठीक आहे ना?" ती बसली. समोर माणसं ताग्यांवर तागे उलगडत होती, नव्या कापडाचा खळीचा वास आला, लहानपणी तो वास तिला झोप आणायचा. तिला विचारायचं होतं, बाबांची नळी काढायला सांगितलीस तेव्हा तुझा आवाज तुला ओळखू आला होता का? नंतर कधी झोप लागली? भैयाजीचे केस केवढे पांढरे झाले होते. एवढी वर्षं हा माणूस एकटा त्या गोष्टीपाशी बसून होता, आणि ती लांबून त्याच्यावर रागावून होती. "तुला त्रास झाला असेल," ती एवढंच म्हणाली. "बाबांच्या वेळी." भैयाजी समोर वळला. गिऱ्हाइकाला उगाच भाव सांगितला, जो त्यानं विचारलाच नव्हता. मग खाली बघून म्हणाला, "एवढ्या दिवसांनी आठवलं तुले." आणि जरा वेळानं, "जेवून जा. वहिनी वाट पाहीन." ती जेवून आली.

वाडीला ती रविवारी जात राहिली. नोंदी घेत नव्हती. रेकॉर्डर घरी कपाटात होता. काजल आता जिजाबाईच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, गोदामवाल्यानं थोडंफार दिलं होतं ते औषधात गेलं, आणि ऋषिकेश खाटेवर. जयपूर फूट आणलेला होता. कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असायचा, त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. जया आली की काजल चहा ठेवायची, ऋषिकेश भिंतीकडे तोंड करायचा. जया अर्धा तास बसायची, रितिकाशी खेळायची आणि निघायची. काहून येता, असं एकदा काजलनं विचारलं, वाईट वाटून विचारलं, त्याच्या वागण्याची लाज वाटून. जयाला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं. क्षमा मागायला ती येत नव्हती. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच सांगेल की नाही, हेही तिला ठरवता येत नव्हतं. पण रविवारी दहा वाजले की घरात बसवत नसे.

ऑक्टोबर लागला. ऊन पुन्हा चटके देत होतं. त्या रविवारी काजल मेसमध्ये होती, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पूजा होती आणि शंभरेक ताटं जायची होती. खोलीत तिघंच. रितिका आता रांगत होती. खाटेवर बापाच्या पाठीमागे तिनं खेळ मांडला होता, एक चमचा आणि रिकामी डबी. जया स्टुलावर. पंख्याचं एक पातं कुठे तरी घासत होतं.

"अंगठा दुखते," ऋषिकेश म्हणाला. भिंतीशीच.

जयाला वाटलं, भास झाला.

"जो नाई, त्याचा अंगठा. रात्री आग होते. खाजवाले जातो तं हातात चादर येते." तो थांबला. मग पाठीवर वळला आणि तिच्याकडे पाहिलं; त्याचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता, आडवा दात दिसत नव्हता. "तू कापाले लावला माह्या पाय."

इतकी वर्षं म्याडम, मग ताई, आणि नेहमी तुमी. आज पहिल्यांदा तू. "हो," ती म्हणाली. "मी लावला."

"काहून?"

डॉक्टर काय म्हणाला होता, विष अंगात चढलं असतं, रक्त पोचत नव्हतं, हे सगळं तिच्याजवळ होतं. त्यातलं काहीच तिनं काढलं नाही. "तू मरशील, अशी भीती वाटली."

"मेलो असतो तं बरं झालं असतं."

"तुला झालं असतं," जया म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, तिला आवरला नाही. "आम्हाला नसतं झालं. तुझ्या एकट्याचा होता का तो जीव? खुशाल म्हणतोस, मेलो असतो! इथे पोरगी आहे, काजल तिकडे शंभर पोळ्या लाटतेय, आणि हा भिंतीकडे तोंड करून बसलाय सहा महिने! ओरड ना माझ्यावर. शिव्या दे. मी येते कशाला इथे?"

बाजूच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. पंचवीस वर्षांत ज्या घरांत ती बसली, त्या कुठल्याच घरात ती अशी ओरडली नव्हती. ऋषिकेश तिच्याकडे बघत होता. त्याला राग आला होता, खरा, ताजा. नाकपुड्या फुलल्या होत्या. तो कोपरांवर उठला, त्याला काहीतरी फार वाईट बोलायचं होतं, ते ओठांवर आलंही. तेवढ्यात डबी खाटेवरून खाली पडून घरंगळली, आणि रितिका तिच्या मागे निघाली, दोन्ही हात खाटेच्या कडेवर, डोकं खाली.

"पाहून काय राहिली!" ऋषिकेश ओरडला. "पोरगी पडन ना! घे तिले!"

जया धावली. रितिका अर्धी हवेत असताना तिच्या हातांत आली, जड, घामेजलेली, खाली ओली. डबी मिळाली नाही म्हणून ती जोरात रडायला लागली आणि तिनं जयाचे केस मुठीत धरून ओढले.

"लंगोट बदल तिचा," ऋषिकेश म्हणाला. तो अजून रागातच होता. "वर, फळीवर हाय. दुसरी फळी."